खुपतंय की ठणकतंय? पडद्याच्या ऑपरेशननंतरची पहिली रात्र

संध्याकाळी पाचच्या सुमारास रिकव्हरीच्या दारात कुणीतरी नातेवाईक येतो आणि म्हणतो, "सिस्टर, बाबांना पित्त झालंय. एक गोळी द्या ना." डोळ्यांच्या वॉर्डात काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांना हे वाक्य पाठ आहे. सकाळपासून पोटात काही नाही, चहासुद्धा नाही, म्हणजे पित्त होणारच, असा हिशेब असतो. पुष्कळदा तो बरोबरही निघतो. पण डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाची उलटी दर वेळी पोटातूनच सुरू होते असं नाही. ती डोळ्यातूनही सुरू होते. म्हणून गोळी काढण्याआधी आम्ही पेशंटपाशी जाऊन विचारतो, "काका, डोळा खुपतोय की ठणकतोय?"

इथे जे लिहिलं आहे ते मुख्यतः पडद्याच्या ऑपरेशनबद्दल, म्हणजे पडदा (डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेला, प्रकाश टिपणारा थर, रेटिना) सुटल्यावर डोळ्यातला जेल काढून आत गॅस किंवा सिलिकॉन तेल भरतात, किंवा डोळ्याला बाहेरून सिलिकॉनचा पट्टा बांधतात, त्याबद्दल. मोतीबिंदू आता बऱ्याच ठिकाणी नुसते थेंब टाकून पंधरा-वीस मिनिटांत होतो. त्यात डोळा थोडा खुपतो आणि बहुतेकांचं तेवढ्यावरच भागतं. पडद्याचं काम तास-दीड तास, कधी दोन तास चालतं. मोठ्या माणसांत ते बहुधा डोळ्याभोवती बधिरतेचं इंजेक्शन आणि शिरेतून हलकी गुंगी देऊन करतात. पूर्ण भूल नसते. नातेवाइकांच्या मनात मात्र "भूल दिली होती" एवढंच राहतं, आणि पुढचं सगळं भुलेच्या खात्यावर पडतं.

बधिरतेच्या इंजेक्शनमध्ये साधारणपणे 2 टक्के लिग्नोकेन आणि 0.5 टक्के ब्युपिव्हाकेन असतं, आणि औषध पटकन पसरावं म्हणून हायल्युरोनिडेज. सगळं मिळून 6 ते 10 मिली. सुई जाताना टोचतं आणि मग डोळ्यामागे कुणीतरी बोटाने दाबतंय असं दडपण येतं. दहा-पंधरा मिनिटांत डोळा हलेनासा होतो, पापणी मिटते. लिग्नोकेन लवकर चढतं आणि दीड-दोन तासांत उतरतं. ब्युपिव्हाकेन सावकाश चढतं पण चार-सहा तास, कधी आणखी जास्त टिकतं. हे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत, कारण संध्याकाळचं दुखणं याच घड्याळावर चालतं.

गुंगीसाठी बहुधा मिडाझोलाम 1 ते 2 मिलिग्रॅम आणि त्याच्या जोडीला थोडं फेंटानिल देतात. मिडाझोलामने मधलं काही आठवत नाही. "मी झोपलोच होतो" असं म्हणणारे आजोबा टेबलावर डॉक्टरांशी शेतीच्या गप्पा मारत असतात. फेंटानिल दुखणं मारतं, पण ते अफूच्या जातीचं औषध आहे आणि मळमळ हा त्याचा स्वभाव. बसमध्ये घाट लागला की ज्यांना उलटी होते, आधीच्या एखाद्या ऑपरेशननंतर ज्यांना उलट्या झाल्या होत्या, अशांनी हे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच सांगावं. बायकांना आणि सिगारेट न ओढणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो, हे भूलशास्त्रात पक्कं ठरलेलं आहे. (सिगारेटच्या बाजूने बोलणारी बहुधा ही एकच गोष्ट.) आधी कळलं तर फेंटानिल कमी करता येतं किंवा टाळता येतं, आणि ऑपरेशन चालू असतानाच डेक्सामेथासोन आणि ऑनडान्सेट्रॉन 4 मिलिग्रॅम शिरेतून देता येतं. उलटी सुरू झाल्यावर थांबवण्यापेक्षा ती येऊच न देणं सोपं जातं.

आता टेबलावरचं. पट्टा बांधायचा असेल तर डोळा हलवणारे स्नायू हुकात धरून त्याखालून रेशमी दोरे घालावे लागतात, आणि डोळा या दोऱ्यांनी हवा तसा वळवतात. दोरा ताणला की मॉनिटरचा आवाज बदलतो. टिक-टिक-टिक चाललेलं असतं, एकदम टिक… टिक… होतं. 72 वर असलेली नाडी 45 वर येते. भूलतज्ज्ञ मान वर न करता म्हणतात, "सोडा." सर्जन दोरा ढिला सोडतात, आणि काही सेकंदांत नाडी जागेवर येते. नाही आली तर अ‍ॅट्रोपिन तयारच असतं. 1908 साली आश्नर आणि डाग्नीनी या दोघांनी स्वतंत्रपणे हा प्रकार नोंदवला. डोळ्याची जाणीव मेंदूकडे नेणारी पाचवी नस आणि हृदय व जठर यांच्यावर हुकूम चालवणारी दहावी नस यांची मेंदूच्या तळाशी गाठ पडते. डोळा ओढला की नाडी मंदावते ती या गाठीमुळे, आणि पोट ढवळतं तेही तिच्यामुळेच. तिरळेपणाच्या ऑपरेशननंतर लहान मुलं इतक्या उलट्या का करतात याचं बरंचसं उत्तर इथेच आहे.

टेबलावर मळमळलं तर हात वर न्यायचा नाही, डोकं हलवायचं नाही. तोंडाने सांगायचं. चादरीखाली आवाज दबतो, म्हणून मोठ्याने सांगायचं. डोळ्यात सूक्ष्म अवजारं असताना मान झटकली तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. आधी सहा तास खाणं बंद ठेवतात तेही यासाठीच: गुंगीत उताणं पडलेल्या माणसाची उलटी श्वासनळीत जाऊ नये. साधं पाणी मात्र साधारण दोन तास आधीपर्यंत चालतं; आपल्याला तिथे काय सांगितलंय ते पाहावं. आमच्याकडे उलटच होतं. "उपाशी या" म्हटलं की लोक रात्री आठपासून पाण्याचा थेंबही घेत नाहीत आणि दुपारी कोरड्या जिभेने, डोकं धरून बाहेर येतात. ती मळमळ आपली आपणच ओढवून घेतलेली असते.

रिकव्हरीत पहिली चूक होते ती उठण्याची. ऑपरेशन झालं, आता घरी जायचं, म्हणून पेशंट ताडकन उठून बसतो. गुंगी पुरती उतरलेली नसते, अंगात पाणी कमी, रक्तदाब खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी आणि लगेच ओकारी. आम्ही आधी पलंगाची उशाची बाजू थोडी उचलतो, दहा-पंधरा मिनिटं थांबतो, मग पाय खाली सोडून बसवतो, मग उभं करतो. तोंडाला आधी दोन-तीन चमचे पाणी. पंधरा मिनिटं ते टिकलं की लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, मग बिस्कीट किंवा पेज. खालच्या टपरीवरून प्रेमाने आणलेला वडापाव बाजूला ठेवावा. मधुमेही माणसाला मळमळ, घाम आणि हाताला कंप असं तिन्ही एकदम आलं तर बाकी काही न करता आधी साखर तपासायची. सकाळी सवयीने इन्सुलिन टोचून उपाशी आलेले पेशंट अजूनही येतात.

या वेळेपर्यंत डोळा दुखत नाही. मोठी पट्टी असते, पापणी जड असते, आणि पेशंट खुशीत म्हणतो, "काहीच दुखत नाही हो, उगाच घाबरलो." सकाळी अकराला ऑपरेशन झालं असेल तर ही खुशी साधारण चार-पाचपर्यंत. बधिरता उतरते ती हळूहळू: आधी भुवई आणि गाल मुंग्या आल्यासारखे, मग पापणी हलायला लागते, मग दुखणं. या मधल्या काळात डोळ्याला जाणीव नसते आणि पापणीही मिटझाप करत नाही, म्हणून पट्टी जशी बांधली तशीच राहू द्यावी. "जरा बघूया" म्हणून उघडलेल्या पट्टीखाली डोळा उघडा राहिला तर बुबुळ कोरडं पडून त्यावर ओरखडा उठतो, आणि रात्रभर वाळू गेल्यासारखं खुपतं.

दुखायला लागल्यावर गोळी घ्यायची हा हिशेबच चुकीचा आहे. पॅरासिटामॉलला काम करायला अर्धा-पाऊण तास लागतो. तीन-साडेतीनला, दुखत नसताना, थोडं खाऊन पहिली गोळी. मग दर सहा तासांनी, डॉक्टरांनी लिहिलेल्या मात्रेप्रमाणे. 650 ची गोळी दिवसातून चार वेळा घेतली तर 2,600 मिलिग्रॅम होतात. मोठ्या माणसासाठी 24 तासांची शेवटची हद्द 4 ग्रॅम, आणि वय झालेलं किंवा यकृत नाजूक असेल तर त्याहून कमी. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते या हिशेबात धरायचं. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घरात पडलेलं असतं म्हणून घेऊ नये. मूत्रपिंडाचा त्रास, अल्सर किंवा दमा असलेल्यांना ते महागात पडतं.

आणि एक गोळी आम्ही मुद्दाम शोधतो: ट्रामाडोल. "पेनकिलर" म्हणून दिलेल्या पाकिटात पॅरासिटामॉलबरोबर ते पुष्कळदा मिसळलेलं असतं. दुखणं चांगलं थांबतं, पण काही जणांना त्यानंतर अशी मळमळ सुटते की दुखणं परवडलं. पेशंट गोळी घेतो, तासाभराने ओकतो, "पोट बिघडलं" म्हणतो, आणि रात्री पुन्हा तीच गोळी घेतो. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली की कोडं सुटतं. फोन करून गोळी बदलून घ्यावी.

डायमॉक्सचंही असंच. डोळ्यातला दाब वाढू नये म्हणून अ‍ॅसिटाझोलामाइड 250 मिलिग्रॅमची ही गोळी देतात. तिने बोटांच्या टोकांना आणि ओठांना मुंग्या येतात, तोंडाला धातूसारखी चव येते, लघवी वाढते, अन्नावरची वासना जाते. हे अपेक्षित आहे. घाबरून बंद करू नये. थोडं खाऊन घेतली तर बरी सोसते. पण सल्फाची अ‍ॅलर्जी, मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर तो डॉक्टरांना आधीच ठाऊक असायला हवा.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली की थेंब सुरू होतात, आणि पुष्कळ जण म्हणतात की थेंब टाकला की मळमळतं. ते खोटं नसतं. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून एक नळी नाकात उतरते. तिथून थेंब घशात जातो आणि कडू लागतो. थेंब टाकल्यावर डोळा अलगद मिटायचा आणि नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटं हलकेच दाबून ठेवायचा. बुबुळावर दाब नको, हाडावर. दोन थेंबांमध्ये पाच-दहा मिनिटं सोडायची, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो.

आता मूळ प्रश्न.

खुपणं म्हणजे वरचं दुखणं. टाक्याचं टोक, कोरडेपणा, ऑपरेशनच्या आधी डोळ्यात टाकलेलं 5 टक्के पोव्हिडोन आयोडिन. यात पाणी येतं, उजेड सहन होत नाही, डोळा मिटून पडलं की बरं वाटतं. पट्टा बांधला असेल तर ओढल्यासारखंही दुखतं, विशेषतः डोळा इकडेतिकडे वळवताना. ते तीन-चार दिवस चालतं आणि रोज थोडं उतरतं. पॅरासिटामॉलला हे दोन्ही ऐकतात.

ठणका आतून येतो. भुवईच्या वर, कानशिलात, कधी दाढेपर्यंत. आडवं पडून कमी होत नाही, गोळी घेऊन दीड तास झाला तरी हलत नाही, आणि त्याच्याबरोबर मळमळ चढत जाते. हे डोळ्यातला दाब वाढल्याचं लक्षण. दाब एरवी पाऱ्याच्या 10 ते 21 मिलिमीटरच्या दरम्यान असतो. तो 40-50 वर गेला की पाचव्या-दहाव्या नसेची तीच गाठ कामाला लागते, आणि माणूस डोळा विसरून पोट धरतो. उलट्या एवढ्या होतात की कॅज्युअल्टीतला नवखा डॉक्टरही पोटावर हात ठेवतो. म्हणून ठणका आणि उलटी जोडीने आली, विशेषतः डोळ्यात गॅस किंवा तेल भरलेलं असताना, तर सकाळची वाट पाहायची नाही. रात्री दोन वाजले असले तरी फोन करायचा. वाढलेला दाब दृष्टीची नस चेपतो, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. दाब उतरवायला थेंब आहेत, शिरेतून मॅनिटॉल आहे, गरज पडली तर सुईने थोडा गॅस काढून घेता येतो. पित्ताची गोळी यातलं काहीच करत नाही. ती फक्त चार तास वाया घालवते.

गॅस भरल्यावर नजरेवरून अंदाज बांधता येत नाही, कारण त्या डोळ्याला पहिले काही दिवस हाताची हालचाल सोडून फारसं काही दिसतच नाही. पट्टी काढल्यावर उजेडाची जाणीव मात्र असायलाच हवी.

उलटी आलीच तर दाबून धरू नये. तोंड मिटून, श्वास कोंडून धरली की डोक्यातला आणि डोळ्यातला दाब आणखी चढतो. पलंगाच्या कडेला बसायचं, पुढे वाकायचं, समोर पातेलं, आणि बरोबरच्या माणसाने तळहात कपाळावर ठेवून आधार द्यायचा. बोटं पट्टीवर जाऊ द्यायची नाहीत. गॅसवाल्यांना तसंही मान खाली घालूनच राहायचं असतं, म्हणजे गॅसचा बुडबुडा मागे जाऊन पडद्याला दाबून धरतो, तेव्हा एवढी एक सोय आहे. एका उलटीने आतलं काम उसवलं, असं सहसा होत नाही. पेशंट या भीतीने पार खचतात, त्यांना हे स्पष्ट सांगावं. गोळी घेऊन अर्धा तासही झाला नसेल आणि ती उलटून पडली तर पुन्हा घ्यायची का ते फोनवर विचारावं. जिभेवर विरघळणारी ऑनडान्सेट्रॉनची 4 मिलिग्रॅमची गोळी लिहून दिलेली असेल तर ती बरी, तिला पाणी लागत नाही. तिने डोकं थोडं दुखतं आणि पोट कडक होतं. शौचाला कुंथणं या दिवसांत नकोच, म्हणून रात्री इसबगोल.

पालथं झोपण्याचा त्रास वेगळाच. पोटभर जेवून पालथं पडलं की अन्न वर येणारच. थोडं-थोडं चार-पाच वेळा खावं आणि मध्ये तासभर जाऊ द्यावा. छातीखाली उशी, कपाळाखाली गुंडाळलेला टॉवेल, नाक मोकळं, ऑपरेशनचा डोळा कशालाही टेकलेला नाही, असं जमवावं. मान आखडून डोकं दुखतं, ते मागून दुखतं; डोळ्याचं दुखणं पुढून. तासातून किती मिनिटं सुटी घ्यायची ते डॉक्टर सांगतात, तेवढीच घ्यावी. कंटाळून उताणं झोपलं तर बुडबुडा पुढे येऊन लेन्सला टेकतो आणि दाबही वाढू शकतो. पाच-सहा दिवसांनी बुडबुडा थोडा आकसला की त्याची कडा पाणसळीसारखी डुलताना दिसते, चालताना तिने गरगरतं. तेवढ्यापुरता तो डोळा झाकला की पोट शांत होतं.

दुसऱ्या दिवसापासून दुखणं एकाच दिशेने जायला हवं, खाली. कमी झालेलं दुखणं दुसऱ्या ते सातव्या दिवसात पुन्हा उसळलं, डोळा लालभडक झाला, पापणी सुजली, नजर आदल्या दिवसापेक्षा उतरली, तर ते डोळ्याच्या आतल्या जंतुसंसर्गाचं लक्षण धरून त्याच तासाला निघायचं.

राहिला घाट. गावोगावची माणसं मुंबईला ऑपरेशन करून गाडीने परत जातात. डोळ्याच्या पोकळीत साधारण 4 मिली मावतं. मुंबई समुद्रकाठी, पुणं, नाशिक, कोल्हापूर साडेपाचशे-सहाशे मीटरच्या आसपास. एवढ्या चढणीला हवेचा दाब सुमारे 7 टक्क्यांनी उतरतो आणि त्या प्रमाणात गॅसचा बुडबुडा फुगू पाहतो, पण डोळा फुगत नाही. खंडाळ्याला किंवा कसाऱ्याला चढताना ज्याचा डोळा ठणकायला लागतो आणि जो खिडकीतून उलटी करतो, त्याला सगळे "गाडी लागली" म्हणतात. महाबळेश्वर तर 1,350 मीटरच्या घरात. ऑपरेशन ठरवतानाच गाव कुठलं आणि वाटेत कुठला घाट लागतो हे सांगावं. डॉक्टर त्याप्रमाणे मुक्काम वाढवतात किंवा गॅसऐवजी तेल निवडतात. तेल फुगत नाही. एसएफसिक्स हा गॅस साधारण दोन आठवडे राहतो, सीथ्रीएफएट सहा ते आठ आठवडे. तोवर विमान नाही, आणि दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनसाठी भूल द्यायची वेळ आली तर नायट्रस ऑक्साइड अजिबात नाही. तो बुडबुड्यात शिरून त्याला काही मिनिटांत फुगवतो. बेशुद्ध पडलेला माणूस हे सांगू शकत नाही, म्हणून मनगटावर गॅसचं नाव आणि तारीख लिहिलेला पट्टा बांधतात. तो अंघोळीला, लग्नाला, कशालाही कापायचा नाही. बुडबुडा पूर्ण विरल्याचं डॉक्टरांनी डोळ्यात पाहून सांगितलं की मगच कात्री घ्यायची.